हरलेल्या निविदाही वाचा

सरकारी कामाची निविदा उघडली की चौकशी एकाच नावाची होते. काम कोणाला गेले, किती टक्क्यांनी गेले, त्याच्यामागे कोण आहे. ज्यांना काम मिळाले नाही त्यांची कागदपत्रे फायलीत जातात, त्यांची बयाणा रक्कम परत होते, आणि त्यांनी कोणता दर भरला होता, तोच का भरला होता, हे पुन्हा कोणी विचारत नाही. महापालिका, जिल्हा परिषदा आणि सरकारी खात्यांच्या तिजोऱ्या वर्षानुवर्षे ज्या वाटेने रिकाम्या होत आहेत ती वाट याच न वाचलेल्या कागदांतून जाते. निविदेतल्या संगनमताचा पुरावा जिंकलेल्या निविदेत क्वचितच सापडतो. तो हरलेल्यांच्या निविदांत असतो, कारण त्या हरण्यासाठीच भरलेल्या असतात.

समजा, एखाद्या तालुक्यात रस्त्याचे काम निघाले. सरकारी दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक 1 कोटी रुपयांचे. निविदा बी-1 नमुन्यातली, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढाच आकडा ठेकेदाराने भरायचा. हे काम करू शकणारे तालुक्यात सात-आठ जण. खरी चुरस असली तर कोणी 8 टक्के बिलो, म्हणजे कमी, भरील, कोणी 12, यंत्रसामग्री रिकामी उभी असलेला एखादा 15 पर्यंतही जाईल. पण मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी ही मंडळी एकत्र बसतात. हे काम याचे, पुढच्या महिन्यात निघणारे मोरीचे काम त्याचे, शाळाखोल्यांचे तिसऱ्याचे, अशी वाटणी होते. ज्याची पाळी तो 0.9 टक्के बिलो भरतो. त्याला साथ देणारे दोघे 1.2 आणि 2.5 टक्के जादा दराने भरतात. बाकीचे भरतच नाहीत. निविदा उघडल्यावर तुलनात्मक तक्ता तयार होतो, सर्वांत कमी दर भरणाऱ्याची शिफारस होते, लेखा शाखा आणि अभियंते सह्या करतात. लेखापरीक्षकाला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण नियम शब्दशः पाळलेला असतो. दहा-पंधरा लाख रुपये मात्र गेलेले असतात. ते कोणत्याही खात्यातून चोरीला गेले असे दाखवता येत नाही. ते वाचायला हवे होते आणि वाचले नाहीत, एवढेच म्हणता येते.

साथ देणाऱ्याला याचा मोबदला मिळतो. कधी रोख टक्का, कधी त्याच कामात पोटठेका, बहुतेक वेळा पुढच्या कामाची पाळी. 'टेंडर मॅनेज झाले' हे वाक्य या व्यवसायात कोणी आवाज खाली करूनही बोलत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा, म्हणजे ओईसीडीचा, अंदाज असा की निविदांमधले संगनमत मोडले तर सरकारी खरेदीचे दर 20 टक्के किंवा त्याहूनही अधिक खाली येऊ शकतात. वर्षभरात शेकडो कामे काढणाऱ्या एखाद्या जिल्हा परिषदेने आपल्या बांधकाम खर्चाला हा हिशेब लावून पाहावा. तेवढ्या पैशात किती अंगणवाड्यांना पक्की छपरे मिळाली असती हे कळायला अर्थतज्ज्ञ लागणार नाही.

ठेकेदार यावर एक उत्तर देतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, 25-30 टक्के बिलो भरणारे लोक कामाची वाट लावतात. सिमेंट मारतात, डांबराचा थर पातळ करतात. त्यापेक्षा चार जणांनी बसून परवडणारा दर ठरवला तर निदान काम तरी नीट होते. पहिला भाग खरा आहे. अवाजवी कमी दराने घेतलेली कामे आपण सगळ्यांनी पहिल्या पावसात वाहून जाताना पाहिली आहेत. म्हणूनच फार खाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याची तरतूद आहे. दुसरा भाग मात्र अनुभवाला धरून नाही. संगनमताने चढ्या दरात गेलेला रस्ता अधिक टिकतो, असे कोणत्या तालुक्यात दिसले? कामाचा दर्जा मोजमाप पुस्तकातल्या खऱ्या नोंदींनी, प्रयोगशाळेच्या चाचण्यांनी आणि साइटवर उभ्या राहणाऱ्या अभियंत्याने राखला जातो. वाटणी आधीच ठरलेली असते तेव्हा काम खराब केल्याचा धाक उरत नाही, कारण पुढचे काम कामगिरीवर मिळणारच नसते, पाळीवर मिळणार असते. शिवाय या वाटणीत शिरण्यासाठी जे द्यावे लागते, तेही त्याच कामातून काढले जाते. चढा दर आणि पातळ थर, दोन्ही एकाच रस्त्यावर नांदतात.

सर्वांत मोठी फसगत तीन निविदांच्या नियमाने केली आहे. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर फेरनिविदा काढायची, ही अट स्पर्धा व्हावी म्हणून घातली गेली. झाले असे की तीन हा आकडा गाठणे हेच स्पर्धेचे प्रमाणपत्र बनले. ज्याला काम हवे तोच दोन सोबती घेऊन येऊ लागला. लहान खरेदीत तर याहून सोपे. तीन दरपत्रके लागतात, म्हणून पुरवठादार स्वतःच्या लेटरहेडबरोबर आणखी दोन लेटरहेडवरची दरपत्रके एकाच पाकिटात आणून देतो. तिन्हींचा फाँट एक, तिन्हींत 'स्टेनलेस'चे स्पेलिंग सारखेच चुकलेले, तिन्हींवर एकाच दिवसाची तारीख. कार्यालयातला लिपिक ती पाहतो, मुख्याधिकारी किंवा मुख्याध्यापक पाहतो, आणि फाइल पुढे सरकते. अनेकदा ती दरपत्रके मागवणाऱ्यानेच 'तिन्ही तुम्हीच आणा' असे सांगितलेले असते. इथे गुन्हा करणारा आणि गुन्हा पकडण्याची जबाबदारी असलेला, दोघेही टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले असतात.

ई-निविदा आली तेव्हा हे सगळे थांबेल अशी आशा होती. काही थांबलेही. निविदा पेटीजवळ माणसे उभी करून दुसऱ्याला फॉर्मच भरू द्यायचा नाही, ही दांडगाई पुष्कळ ठिकाणी संपली. पण संगणक फक्त लिफाफ्याची जागा घेतो, लिफाफ्यात काय भरायचे हे माणसेच ठरवतात. तालुक्याच्या गावी निविदा भरून देणारी दुकाने आहेत. तीन ठेकेदारांच्या डिजिटल सह्यांचे डोंगल एकाच टेबलाच्या खणात असले तर तीन निविदा भरायला अर्धा तास पुरतो. आणि यंत्रणेतलीच माणसे सामील असतील तर काय होते हे मुंबईने पाहिले आहे. 2014 मध्ये उघडकीस आलेल्या मुंबई महापालिकेच्या ई-निविदा प्रकरणात ठरावीक ठेकेदारांनाच निविदा भरता यावी म्हणून संगणकावरची खिडकी मध्यरात्री थोड्याच वेळासाठी उघडल्याचे चौकशीतून पुढे आले आणि अभियंत्यांवर कारवाई झाली.

पुण्याचे प्रकरण प्रत्येक नगरसेवकाने आणि प्रत्येक पालिका आयुक्ताने मुळातून वाचावे असे आहे. पुणे महापालिकेने डिसेंबर 2014 ते मार्च 2015 या काळात घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी निविदा काढल्या होत्या. त्यांत संगनमत झाल्याची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे 2015 मध्ये गेली ती नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या संस्थेकडून. चौकशी सुरू झाल्यावर एकामागून एक कंपन्या दंडात सवलत मागत आयोगाच्या दारात आल्या आणि आपण ठरवून निविदा भरल्याचे त्यांनी सांगितले. काम एकाने घ्यायचे आणि इतरांनी फक्त आधाराला निविदा भरायच्या, अशी ती रचना होती. 2018 मध्ये आयोगाने दंड ठोठावले. यात दोन गोष्टी झोप उडवणाऱ्या आहेत. एक, इतक्या जणांनी ज्यांची कबुली दिली त्या निविदांचे सगळे कागद आधीपासून महापालिकेच्याच कपाटात होते. दुसरी, आयोगाचे दार ठोठावायला नागरिकांना जावे लागले. ज्या शहरात असे चिकाटीचे नागरिक नाहीत, तिथे काय चालले असेल? धाराशिव, गडचिरोली, नंदुरबारच्या निविदा दिल्लीतल्या आयोगापर्यंत कोण नेणार?

खरेदी करणाऱ्या संस्थेने स्वतः डोळे उघडे ठेवले तर काय होऊ शकते याचेही उदाहरण आहे. भारतीय अन्न महामंडळाने मे 2009 मध्ये धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी निविदा मागवल्या. तीन कंपन्यांनी किलोला नेमका 388 रुपये दर भरला. एक रुपयाचाही फरक नाही. कारखाने वेगळे, उत्पादनखर्च वेगळा, नफ्याचे गणित वेगळे, तरी दर एक. महामंडळाच्या दारावरच्या नोंदवहीत तिन्ही कंपन्यांच्या प्रतिनिधींची नावे एकाच माणसाने लिहिलेली सापडली. महामंडळाने 2011 मध्ये स्पर्धा आयोगाला पत्र लिहिले, आयोगाने 2012 मध्ये दंड केला, आणि मे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमत झाल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. गेटवरची वही हाही पुरावा होऊ शकतो, हे कोणाला तरी सुचावे लागते. अशी सतर्कता आपल्या कार्यालयांत पुन्हा पुन्हा दिसली पाहिजे.

त्याच निकालाने एक मोठे भगदाडही पाडले. दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर न लावता ज्या मालात संगनमत झाले तेवढ्याच मालाच्या उलाढालीवर लावावा, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे आयोगाने एका कंपनीला केलेला 252.44 कोटींचा दंड अपिलात 6.94 कोटींवर आला होता, तो तेवढाच राहिला. 2023 च्या दुरुस्तीने कायद्यात बदल झाला आणि दंडाची कमाल मर्यादा ठरवताना कंपनीची जगभरातली एकूण उलाढाल धरता येऊ लागली. ही चांगली गोष्ट आहे. पण 2002 च्या स्पर्धा कायद्याखाली संगनमताची शिक्षा आजही पैशाचीच आहे. अमेरिकेत याच कृत्यासाठी शर्मन कायद्याखाली 10 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आपल्याकडे फसवणुकीची किंवा भ्रष्टाचाराची वेगळी कलमे लावून फौजदारी खटला भरता येतो, पण त्यासाठी लाच घेणारा हात दाखवावा लागतो किंवा फसवणुकीचा हेतू शाबीत करावा लागतो. चार ठेकेदारांनी चहा पिता पिता ठरवलेल्या टक्क्यांना पकडायला ही कलमे अपुरी पडतात. सार्वजनिक पैशाच्या निविदेत ठरवून दर भरणे हा थेट फौजदारी गुन्हा व्हायला हवा. दंड शेवटी खर्चाची एक बाब बनतो आणि पुढच्या निविदेत वसूल केला जातो.

अर्थात संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि या बाबतीत न्यायालय सावध असते. इंडियन ऑइलच्या स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरांसाठी 2010-11 च्या निविदा निघाल्या तेव्हा त्या भरण्याच्या आधीच्या दोन दिवसांत उत्पादकांची मुंबईतल्या एका हॉटेलात बैठक झाली होती आणि अनेकांचे दर सारखे होते. आयोगाने चाळीसहून अधिक कंपन्यांना दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये तो रद्द केला. सिलिंडर घेणाऱ्या मुळात तीनच सरकारी तेल कंपन्या, मागच्या वर्षीचे दर सगळ्यांना ठाऊक, अशा बाजारात दर जुळणे स्वाभाविक असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाने निराश होण्याचे कारण नाही, पण त्यातून धडा घ्यायला हवा. एका निविदेतले संगनमत सिद्ध करणे अवघड असते. पाच वर्षांत त्याच चार नावांनी आळीपाळीने जिंकलेली साठ कामे योगायोग म्हणून खपवता येत नाहीत. त्यासाठी साठही तुलनात्मक तक्ते एका जागी मांडावे लागतात.

आणि ते मांडणे आज अगदी शक्य आहे. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर राज्यातल्या हजारो निविदांची माहिती साठलेली आहे. कोणी कधी निविदा भरली, कोणत्या संगणकावरून भरली, कोण कोणाबरोबर वारंवार भरतो आणि कायम हरतो, कोण मुदत संपण्याच्या आत माघार घेतो, कोणाच्या बयाण्याची रक्कम एकाच बँक खात्यातून आली, जिंकणारा दर अंदाजपत्रकाला किती चिकटून आहे. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने 2006 पासून सार्वजनिक निविदांची अशी माहिती आपोआप चाळून संशयास्पद निविदा वेगळ्या काढणारी संगणकीय व्यवस्था चालवली आहे. आपल्या राज्यात संगणक अभियंत्यांची वानवा नाही. वानवा आहे ती हे पाहायचेच, असे ठरवणाऱ्या माणसांची.

धोका आज का वाढला आहे, तेही सांगायला हवे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिका त्यानंतर काही वर्षे प्रशासकाच्या हाती होत्या. त्याआधी निविदा मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत सगळे आलबेल होते असे कोणी म्हणणार नाही. टक्केवारीच्या कहाण्या तिथेही कमी नव्हत्या. पण विरोधी पक्षाचा एखादा सदस्य उठून 'या तिघांचा पत्ता एकच कसा' असे विचारू शकत होता आणि ते इतिवृत्तात येत होते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. त्याच सुमारास लहान लहान कामे एकत्र बांधून मोठी पॅकेजे काढण्याची पद्धत वाढली. शेकडो कोटींच्या उलाढालीची आणि स्वतःच्या प्लांटची अट आली की भरू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि जितके कमी तितके त्यांचे जमणे सोपे. त्यात सरकारकडे ठेकेदारांची बिले थकली. त्यासाठी त्यांच्या संघटनांनी आंदोलनेही केली. ज्याचे भांडवल वर्ष-दोन वर्षे अडकून पडते तो प्रामाणिक लहान ठेकेदार आधी बाहेर पडतो, आणि मैदान मोठ्यांना मोकळे होते. बिले वेळेवर देणे हाही संगनमत रोखण्याचा उपाय आहे, हे वित्त खात्याने लक्षात घ्यावे.

नव्याने निवडून येणाऱ्या नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी पहिल्या काही बैठकांतच मागील पाच वर्षांचे तुलनात्मक तक्ते मागवावेत, ठेकेदारनिहाय आणि प्रभागनिहाय. राज्य शासनाने हरलेल्या निविदांसह सगळे दर खुले करावेत, पीडीएफच्या फोटोप्रतींत न करता मोजता-तपासता येतील अशा तक्त्यांत. एकसारख्या दरांच्या, एकाच पत्त्याच्या, एकाच खात्यातून बयाणा भरलेल्या निविदा आल्या तर कार्यकारी अभियंत्याने तो प्रस्ताव थांबवून स्पर्धा आयोगाला कळवणे बंधनकारक करावे. आणि तीन निविदा आल्या की स्पर्धा झाली असे मानणारा नियमच बदलावा. दोन खऱ्या निविदा तीन खोट्यांपेक्षा चांगल्या.

यातले कळवण्याचे काम सर्वांत कठीण आहे, कारण ते कोणा एका माणसाला करावे लागते. नेदरलँड्समध्ये एका बांधकाम कंपनीचे माजी संचालक ॲड बॉस यांनी 2001 मध्ये ठेकेदारांच्या छुप्या हिशेबवह्या उघड केल्या. त्यावरून 2002 मध्ये तिथल्या संसदेने चौकशी केली आणि शेकडो कंपन्यांना दंड झाले. बॉस यांच्या वाट्याला मात्र बेकारी, खटला आणि गाडीत काढलेले दिवस आले. आपल्याकडे 2012 मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल पत्र लिहिले तेव्हा राज्यभर खळबळ माजली, पण खात्यात त्यांच्या पाठीशी उघडपणे उभे राहणारे थोडेच होते. संशयास्पद निविदा अडवणाऱ्या अभियंत्याची किंवा लेखाधिकाऱ्याची, त्या प्रकरणाची चौकशी पूर्ण होईपर्यंत, मंत्रालयाच्या लेखी कारणाशिवाय बदली होणार नाही, असे परिपत्रक काढायला विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. सामान्य प्रशासन विभाग ते या आठवड्यात काढू शकतो.